पैशाची पाठवणावळ

दळणाला दळणावळ, कपड्याला शिवणावळ, दागिन्याला घडणावळ. यातली प्रत्येक रक्कम आपल्या घरातल्या बाईला तोंडपाठ असते. गिरणीवाल्याने किलोमागे रुपया वाढवला तर ती तिथल्या तिथे विचारते, "का हो, कशाबद्दल?" पण पैसे पाठवायला जे पैसे पडतात, त्या पाठवणावळीचा हिशेब मात्र आपण सहसा ठेवत नाही. खात्यातून सतरा रुपये सत्तर पैसे गेले, कधी बावीस गेले, कधी हजारभर गेले. "बँकेने कापले असतील," असं म्हणून आपण पासबुक मिटून ठेवतो. बरोबर ना?

मी चिपळूणची. आमचा बारा जणींचा बचत गट आहे. आंबापोळी, कोकम आगळ, कुळथाचं पीठ, फणसाचे तळलेले गरे असा माल आम्ही करतो आणि मुंबई-पुण्याला पाठवतो. गटाच्या हिशेबाची वही माझ्याकडे असते. शिवाय मुलगी पुण्याला शिकते, तिची फी, मेस, खोलीभाडं हे सगळं इथूनच जातं. म्हणजे पैसे येणं आणि पैसे जाणं, दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर होतं. वही लिहिता लिहिता एक गोष्ट पक्की ध्यानात आली. पाठवणावळ चार जागी लागते: एक शुल्कात, दुसरी वेळेत आणि हेलपाट्यात, तिसरी धोक्यात आणि चौथी पैसा कुणाच्या हातात पडतो त्यात. पावतीवर छापलेली असते ती फक्त पहिली. बाकीच्या तीन आपण मोजतच नाही.

मनीऑर्डरवर जगलेलं कोकण

आमच्या कोकणाला एके काळी 'मनीऑर्डरवर चालणारा मुलूख' म्हणायचे. घरटी एक तरी माणूस मुंबईला गिरणीत, गोदीत नाहीतर कुणाच्या पेढीवर. बायका, मुलं आणि म्हातारी माणसं गावाकडे. आपल्याकडे पोस्टाची मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली आणि पुढची शंभर वर्षं कोकणातल्या चुली तिच्यावर पेटल्या. माझे आजोबा परळला गिरणीत होते. महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन आला की आजी पदराला हात पुसत ओट्यावर यायची. तो नोटा मोजून तिच्या हातात द्यायचा, ती अंगठा उठवायची. फॉर्मच्या तळाला दोन ओळी मजकुराची जागा असायची. "सर्व ठीक. म्हशीला पेंड घ्यावी." एवढंच. पण ते कुपन आजी देवघरातल्या डब्यात जपून ठेवायची. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या आळीतल्या कितीतरी घरांकडे पोस्टमन वळेनासा झाला.

या मनीऑर्डरची पाठवणावळ काही थोडी नव्हती. अगदी अलीकडच्या वर्षांपर्यंत तिचा दर वीस रुपयांना एक रुपया, म्हणजे शेकडा पाच होता. हजार रुपये पाठवायला पन्नास! आणि एका वेळी पाठवता येणारी रक्कम जास्तीत जास्त पाच हजार. आजच्या मुलांना हे सांगितलं तर ती हसतात. त्यांच्या फोनवर दोन बोटांनी हजार रुपये जातात आणि कापलं काहीच जात नाही.

मग मनीऑर्डर महाग आणि फोन स्वस्त, एवढाच निकाल लावून मोकळं व्हायचं का? थोडं थांबा. आधी आजचे दर नीट बघू.

आज कशाला किती?

यूपीआय २०१६ मध्ये आलं. आपल्या खात्यातून दुसऱ्या माणसाच्या खात्यात पैसे पाठवायला त्यात शुल्क नाही. साधारण मर्यादा दिवसाला एक लाखाची, काही बँका ती कमीही ठेवतात. त्याहून जास्त पाठवायचे असतील तर एनईएफटी. ही सोय २००५ पासून आहे. पूर्वी ती फक्त बँकेच्या वेळात चालायची. १६ डिसेंबर २०१९ पासून रात्री-अपरात्री, सुटीच्या दिवशीसुद्धा चालते. आणि मुख्य म्हणजे, बचत खात्यातून फोनवर किंवा संगणकावर स्वतः एनईएफटी केली तर बँकेने शुल्क घ्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२० पासून आहे.

हीच एनईएफटी बँकेत जाऊन, चिठ्ठी भरून केली तर मात्र शुल्क लागतं. दहा हजारांपर्यंत जास्तीत जास्त अडीच रुपये, एक लाखापर्यंत पाच रुपये, दोन लाखांपर्यंत पंधरा रुपये आणि त्यापुढे पंचवीस, शिवाय त्यावर जीएसटी. दोन लाख आणि त्याहून मोठी रक्कम तातडीने पाठवायची असेल तर आरटीजीएस. तिथेही घरून केली तर बहुतेक बँका काही घेत नाहीत आणि शाखेत केली तर पाच लाखांपर्यंत पंचवीस रुपयांच्या आत-बाहेर. आयएमपीएस नावाचा तिसरा प्रकार आहे, तो २०१० पासून. त्याचं शुल्क प्रत्येक बँकेचं वेगळं, म्हणून बटण दाबण्याआधी विचारून घ्यावं.

आता बघा. खेड्यातली एखादी ताई पाच हजार रुपये पाठवायला तालुक्याच्या बँकेत येते. पावतीवर शुल्क अडीच रुपये अधिक जीएसटी, म्हणजे दोन रुपये पंच्याण्णव पैसे. तिला वाटतं, तीन रुपयांत काम झालं. पण २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तरी जाता-येता समजा चाळीस रुपये गेले. रांगेत सकाळ गेली आणि अर्ध्या दिवसाची दीडशे रुपये मजुरी बुडाली. झाली पाठवणावळ एकशे त्र्याण्णव रुपये! शेकडा जवळजवळ चार. म्हणजे जुन्या मनीऑर्डरपेक्षा फारशी स्वस्त नाही. हेच काम तिच्या फोनवर झालं असतं, किंवा बाजाराला येण्याच्या दिवशी जोडून घेतलं असतं, तर हे पैसे वाचले असते. म्हणून मी म्हणते, हेलपाटासुद्धा वहीत लिहावा.

आणखी एक बारीकशी गळती एटीएमची. आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार फुकट, दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर आपल्यासारख्या गावात पाच, मुंबईसारख्या महानगरात तीन. त्यापुढे प्रत्येक खेपेला २३ रुपयांपर्यंत शुल्क आणि त्यावर जीएसटी, असा दर १ मे २०२५ पासून आहे. मुंबईतला मुलगा दर दोन दिवसांनी पाचशे-पाचशे काढत असेल तर आईने फुकट पाठवलेल्या पैशाला तिथे भोक पडतं. एकदाच काढ म्हणून सांगा त्याला.

दोन टक्के म्हणजे नेमके किती?

आता गटाची गोष्ट. आमचा माल लोकांना आवडू लागला तसं एका ओळखीच्या मुलाने सुचवलं, "काकू, ऑनलाइन दुकान काढा. ग्राहक कार्डाने पैसे भरेल, तुम्हाला आयते खात्यात मिळतील. कंपनी फक्त दोन टक्के घेते." फक्त दोन टक्के! ऐकायला किती किरकोळ वाटतं ना? गटातल्या सगळ्या जणी तयारच होत्या.

मी वही काढली. समजा पाचशे रुपयांची ऑर्डर. त्यात आंबे, साखर, कोकम, गॅस, बरण्या, लेबलं, पुठ्ठ्याची खोकी आणि बायकांची मजुरी धरून सव्वाचारशे जातात. गटाला सुटतात पंचाहत्तर. दोन टक्के शुल्क म्हणजे दहा रुपये आणि त्या दहावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे एक रुपया ऐंशी पैसे. एकूण अकरा रुपये ऐंशी पैसे. हे पैसे पाचशेतून जात नाहीत बायांनो, आपल्या पंचाहत्तरातून जातात! म्हणजे विक्रीवर दोन टक्के, पण नफ्यावर जवळजवळ सोळा टक्के. दिवाळीच्या महिन्यात अशा दोनशे ऑर्डरी झाल्या तर दोन हजार तीनशे साठ रुपये. आमच्या एका बाईची कित्येक दिवसांची मजुरी.

मग बाकीचे मार्ग? यूपीआयने ग्राहकाने थेट खात्यातून पैसे दिले तर विकणाऱ्याला शुल्क नाही. २०२० च्या जानेवारीपासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड या दोन्हींवरचं दुकानदाराचं शुल्क सरकारने शून्य केलं आहे. पण 'यूपीआय म्हणजे सगळं फुकट' असंही धरून चालू नका. ग्राहकाने त्यात क्रेडिट कार्ड किंवा वॉलेट जोडलेलं असेल तर विकणाऱ्याकडून शुल्क कापलं जाऊ शकतं. शिवाय 'पैसे मिळाले' असं बोलणारा तो छोटा स्पीकर कुणी फुकट बसवून गेला असेल, तर त्याचं महिन्याचं भाडं किती आणि ते कधीपासून कापणार, हे आधी विचारा.

माल पोहोचल्यावर पैसे घ्यायचे म्हटले तर कुरियरवाला रोख गोळा करण्याचे वेगळे पैसे लावतो. ते सोसले तरी, ग्राहकाने दारात नको म्हटलं तर जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं आपल्या गळ्यात. आंबापोळी परत येईपर्यंत तिची काय अवस्था होते, ते सांगायला नकोच. पूर्वी पुस्तकं, औषधं व्हीपीपीने यायची. पोस्टमन पैसे घेऊन पार्सल द्यायचा आणि ते पैसे विकणाऱ्याला मनीऑर्डरने जायचे. धोका तोच होता, पाठवणावळही होतीच.

शेवटी आम्ही असं ठरवलं. ओळखीच्या आणि पुन्हा पुन्हा मागवणाऱ्या ग्राहकांना गटाच्या खात्याचा क्यूआर कोड पाठवायचा. पैसे जमा झाले की माल निघणार. अनोळखी किंवा मोठी ऑर्डर असेल, ग्राहकाला कार्डच वापरायचं असेल, तिथे दोन टक्क्यांचा रस्ता उघडा ठेवायचा. कारण तिथे ते दोन टक्के वाया जात नाहीत. नव्या ग्राहकाला भरवसा वाटतो, पैसे कुणाचे किती आले याची नोंद राहते, उधारी मागायला फोन करावे लागत नाहीत. उधारी वसूल करण्याची पाठवणावळ कुणी मोजली आहे का कधी? ती तर सगळ्यात महाग!

'सुविधा शुल्क' नावाची फोडणी

घरखर्चातली पाठवणावळ बहुतेक वेळा 'सुविधा शुल्क' हे गोंडस नाव घेऊन येते. रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढा. साध्या डब्याला पंधरा रुपये आणि वातानुकूलित डब्याला तीस, असं शुल्क २०१९ मध्ये पुन्हा सुरू झालं. यूपीआयने पैसे भरले तर तेच दहा आणि वीस. वर जीएसटी. म्हणजे पैसे कशाने भरता यावर तिकिटामागे पाच-दहा रुपयांचा फरक पडतो. आणि तिकीट रद्द केलं तरी हे शुल्क परत मिळत नाही.

पाच-दहा रुपयांनी आपण गरीब होत नाही हे खरं. पण कॉलेजची फी बघा. साठ हजार रुपये भरायचे आहेत. पडद्यावर चार-पाच पर्याय दिसतात. घाईत आपण क्रेडिट कार्डावर बोट ठेवतो. समजा त्यावर दीड टक्का शुल्क असेल, तर नऊशे रुपये आणि जीएसटीचे एकशे बासष्ट. एक हजार बासष्ट रुपये! तेच पैसे यूपीआयने किंवा नेटबँकिंगने गेले तर शून्य किंवा अगदी थोडे. शिक्षण संस्था आणि रुग्णालयांसाठी यूपीआयची मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढवलेली आहे, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. आपल्या बँकेने ती मर्यादा दिली आहे का, हे फी भरायच्या आदल्या दिवशी बघून ठेवावं. शेवटच्या दिवशी रात्री अकराला नव्हे.

डिमांड ड्राफ्टची गोष्ट वेगळी. तो काढायला शुल्क लागतं, बँकेची फेरी पडते, टपालाने पाठवावा लागतो. तरी काही ठिकाणी अजून तोच मागतात. तेव्हा विचारायला लाजू नका, "एनईएफटी चालेल का?" बरेचदा फॉर्मवरची ओळ जुनी असते आणि ऑफिसातल्या क्लार्कला दोन्ही चालतं.

'शुल्क शून्य' आणि परदेशचा पैसा

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातली कितीतरी मुलं आखातात आहेत. दुबईहून, कुवेतहून घरी पैसे येतात. तिथल्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं, 'शुल्क शून्य'. मग कंपनी जगते कशावर? तर भावावर. समजा बाजारात एका दिरहमला चोवीस रुपये भाव आहे आणि कंपनी तेवीस रुपये साठ पैसे देते. दिरहममागे चाळीस पैसे राहिले. मुलाने दोन हजार दिरहम पाठवले, की आठशे रुपये वाटेतच राहिले. पावतीवर मात्र शुल्क शून्य!

म्हणून परदेशातल्या मुलाला, दिराला, जावयाला एकच प्रश्न विचारायला सांगा, "सगळं जाऊन माझ्या आईच्या खात्यात नक्की किती रुपये पडणार?" दोन-तीन ठिकाणी हा एकच आकडा विचारला की खरा स्वस्त कोण ते लगेच कळतं. जागतिक बँकेच्या हिशेबाप्रमाणे जगभरात दोनशे डॉलर घरी पाठवायला सरासरी सहा टक्क्यांहून अधिक खर्च येतो. तो २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली आणायचं, असं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलं आहे. म्हणजे मजुराच्या घामातून पाठवणावळ कापली जाते, ही काळजी आपल्या एकट्याची नाही. सिंगापूरशी आपल्या यूपीआयची जोडणी २१ फेब्रुवारी २०२३ ला झाली. असे रस्ते वाढले तर आखातातल्या आयांनाही पाठवणावळ कमी पडेल.

फुकट रस्त्यावरचे चोर

शुल्क नसलेल्या रस्त्यावर दुसरी पाठवणावळ असते, धोक्याची. मनीऑर्डर चुकीच्या पत्त्यावर गेली तर पोस्टमन परत न्यायचा. यूपीआयचा एक आकडा चुकला तर पैसे क्षणात परक्याच्या खात्यात जातात आणि ते परत मिळवायला बँकेचे उंबरे झिजवावे लागतात. म्हणून नाव वाचल्याशिवाय पिन टाकायचा नाही. यूपीआयमध्ये नाव दिसतंच. एनईएफटी-आरटीजीएसमध्ये पूर्वी दिसत नसे, पण तिथेही समोरच्याचं नाव तपासण्याची सोय द्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५ ची मुदत घातली होती.

आणि एक वाक्य तर फ्रिजवर चिकटवून ठेवा: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो द्यायलाच. "काकू, तुमच्या कुळथाच्या पिठाचे पैसे पाठवतोय, फक्त पिन टाका," असं कुणी म्हणालं, की फोन बंद. फसवणूक झालीच तर लाजून घरात बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

पैसे खात्यातून गेले आणि समोर पोहोचलेच नाहीत, असंही होतं. माणसाला पाठवलेले यूपीआयचे पैसे अडकले तर दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराला पाठवलेले असतील तर पाच दिवसांपर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

धोक्याचा आणखी एक प्रकार आम्ही चिपळूणकरांनी डोळ्यांनी पाहिला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचा पूर बाजारपेठेत शिरला. वीज गेली, फोन मुके झाले, एटीएम पाण्याखाली गेली. त्या दिवसांत खात्यात लाख रुपये असून दूध घेता येत नव्हतं. ज्यांच्या घरात माळ्यावर डब्यात रोकड होती, त्यांनी शेजाऱ्यांना दिली. तेव्हापासून माझ्या घरी चार-पाच दिवस निभतील एवढी रोख कायम असते. तिच्यावर व्याज मिळत नाही. नाही तर नाही, तीही एक पाठवणावळच समजते मी.

आणि चौथी पाठवणावळ

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते.

आमच्या गटातल्या एका मावशींची मुलगी पनवेलला नोकरी करते. दर महिन्याला आईला तीन हजार रुपये पाठवते. मावशींकडे साधा बटणांचा फोन, म्हणून पैसे मुलाच्या यूपीआयवर यायचे. शुल्क शून्य, वेळ शून्य. मुलगा आईच्या हातात पैसे द्यायचा. कधी अडीच हजार, कधी दोन हजार सातशे. उरलेले पेट्रोलला गेले, रिचार्जला गेले, हप्त्याला कमी पडत होते. मावशींना मुलगी किती पाठवते हे नक्की ठाऊक नव्हतं. एकदा मुलगी सणाला आली, बोलता बोलता "आई, तीन हजारांत भागतं का गं?" म्हणाली आणि मावशी गप्पच झाल्या.

हिशेब करा. तीन हजारांतले पाचशे म्हणजे शेकडा जवळजवळ सतरा. मनीऑर्डर महाग म्हणून आपण हसत होतो, ती पाच टक्क्यांत दारापर्यंत यायची आणि ज्या बाईचं नाव त्या फॉर्मवर असेल तिच्याच हातात पडायची! अंगठाही तिचाच आणि कुपनावर आकडाही लिहिलेला. किती आले हे तिच्यापासून लपत नव्हतं.

मुलगा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आईच्या गोळ्या तोच आणतो, दवाखान्यात तोच नेतो. त्याने मागितले असते तर मावशींनी पाचशे आनंदाने दिले असते. पण देणं वेगळं आणि कापलं जाणं वेगळं. दिल्याचा मान आईला मिळतो. कापले गेले की तिला विचारलंसुद्धा जात नाही.

मावशींचं जनधन खातं होतं, नुसतं पडून होतं. ते पुन्हा चालू करून घेतलं, आधार जोडलं. आता मुलगी थेट त्या खात्यात पाठवते. मावशी महिन्यातून एकदा बाजाराला येतात तेव्हा पासबुक भरून घेतात आणि लागतील तेवढे काढतात. कधी येणं जमलं नाही तर पोस्टमनच्या हातातल्या यंत्रावर अंगठा लावून पैसे काढता येतात. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हापासून पोस्टमन पुन्हा असा पैसे घेऊन दारात येऊ लागला आहे. घरपोच येण्याचं शुल्क किती, ते आधी विचारून घ्यावं. यंत्रावर किती रक्कम टाकली ती मोठ्याने वाचून घ्यावी, पावती घ्यावी आणि 'उमटला नाही' म्हणून पुन्हा अंगठा लावायला सांगितलं तर पहिला व्यवहार झाला नाही ना, हे बघावं. राखेने, साबणाने झिजलेली बोटं यंत्राला कळत नाहीत, हा त्रास आहेच. ज्यांना साधा फोनच वापरायचा आहे त्यांच्यासाठी २०२२ पासून 'यूपीआय १२३ पे' ही सोयही आहे, तिला इंटरनेट लागत नाही.

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा पैसे बाईच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यातच येणार, अशी अट होती. त्या वेळी बँकेपुढे लागलेल्या रांगा आठवतात? नवऱ्याच्या खात्यावर घर चालवणाऱ्या कितीतरी जणींनी तेव्हा आपलं खातं शोधलं, नाहीतर नवं काढलं. योजनेबद्दल कुणाचं मत काहीही असो, ते खातं आता आहे ना? मग त्याचा उपयोग करा. मजुरी त्यात घ्या, मुलीने पाठवलेले त्यात घ्या, भिशीचे त्यात घ्या. आमच्या गटानेही ठराव केला आहे की, मजुरी ज्या बाईची, खातं तिचंच.

मावशींनी गेल्या महिन्यात मुलाला बाराशे रुपये दिले, गाडीच्या टायरला. स्वतःच्या खात्यातून काढून, स्वतःच्या हाताने. मुलगा म्हणाला, "आई, पुढच्या महिन्यात परत देतो." याआधी तो असं कधी म्हणाला नव्हता.

पैसे पाठवण्याआधी एवढं विचारा

शुल्क आणि जीएसटी मिळून नक्की किती कापले जाणार? दुसऱ्या मार्गाने गेले तर किती?

समोरच्याच्या हातात शेवटी किती रुपये पडणार? विशेषतः परदेशातून येणारे असतील तर फक्त हाच आकडा विचारा.

यासाठी किती फेऱ्या, किती तास, किती मजुरी?

पैसे चुकीच्या ठिकाणी गेले किंवा अडकले, तर तक्रार कुठे करायची? पावती किंवा व्यवहाराचा क्रमांक जवळ आहे ना?

आणि शेवटचं, ज्या बाईसाठी पाठवतोय, ते खातं तिच्या नावावर आहे का आणि त्यात किती आले ते तिला कळतं का?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं बँकेतला माणूस देईल. पाचव्याचं मात्र घरातच विचारावं लागेल. या महिन्याचे पैसे पाठवायच्या आधी आईला, सासूला, गावाकडच्या आत्याला एक फोन करा. "बरी आहेस ना?" हे विचारून झालं की लगेच विचारा, "माझे पैसे तुला किती मिळतात गं?"